धारातीर्थीं पडलेल्यांचें स्मरण व यहुदी धर्मशास्त्र

वसंत ऋतूंतील एका सायंकाळीं बरोबर आठ वाजतां इस्रायल देशांतील गांवोगांवचे भोंगे वाजूं लागतात. एक मिनिटभर तो एकसुरी आवाज चालतो, आणि तेवढा वेळ सारा देश जागच्या जागीं उभा राहतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं अकरा वाजतां तेच भोंगे पुन्हां वाजतात. या खेपेस दोन मिनिटें. हमरस्त्यावरील मोटारी थांबतात, आंतील माणसें दारें उघडून बाहेर येतात आणि मान खालीं घालून उभीं राहतात. दुकानदार हातांतलें काम ठेवतो, शिक्षक फळ्यापाशीं स्तब्ध होतो, बाजारांतील गलका विरून जातो. राष्ट्राकरितां धारातीर्थीं पडलेल्या सैनिकांचा हा स्मृतिदिन होय. हिब्रू भाषेंत त्यास ‘योम हझिकारोन’, म्हणजे स्मरणाचा दिवस, असें नांव आहे.

परंतु याच घटकेस यरुशलेमच्या कांहीं जुन्या मोहल्ल्यांतून आणि तेल अवीवजवळच्या बने ब्राक शहराच्या कांहीं गल्ल्यांतून निराळें दृश्य दिसतें. काळा झगा घातलेला एखादा वृद्ध शास्त्री भोंगा वाजत असतांही आपल्या वाटेनें चालतच राहतो. ज्यांचा मुलगा लढाईंत पडला आहे अशा आईबापांस तें पाहून काय वाटत असेल, हें सांगावयास नको. त्या वृद्धास विचारावें, तर तो म्हणेल कीं, मृतांविषयीं आपल्या मनांत अनादर मुळींच नाहीं. चालतां चालतां आपण त्यांच्यासाठींच स्तोत्र पुटपुटत आहों. मात्र भोंगा ऐकून मुकाट्यानें उभें राहणें ही आपल्या पूर्वजांची रीत नव्हे. म्हणजे स्मरण दोघांसही हवें आहे. मग मतभेद कशाविषयीं आहे? मृतांचें स्मरण कोणत्या रीतीनें करावें, आणि नवा शोकदिन नेमण्याचा अधिकार कोणाचा, या दोन प्रश्नांविषयीं तो आहे. हे प्रश्न यहुदी लोकांत आजचे नाहींत. त्यांचीं मुळें हजारों वर्षें मागें जातात.

प्रथम या दिवसाची हकीकत पाहूं. इस्रायल राष्ट्राच्या स्वातंत्र्याची घोषणा १४ मे १९४८ रोजीं झाली. यहुदी पंचांगाप्रमाणें ती ५७०८ या वर्षांतील इय्यार महिन्याची पांचवी तिथि होती. त्या युद्धांत सुमारें ६,००० माणसें कामास आलीं. देशांतील यहुदी वस्ती त्या वेळीं साडेसहा लाखांच्या आसपास होती. म्हणजे दर शंभरांत जवळजवळ एक माणूस गेला. आरंभीं स्वातंत्र्याचा उत्सव आणि मृतांचें स्मरण हीं दोन्ही एकाच दिवशीं होत. परंतु सकाळीं मुलाच्या कबरीपाशीं रडावें आणि त्याच दिवशीं गल्लींतील नाचगाणीं ऐकावीं, हें आईबापांस कसें सोसावें? म्हणून १९५१ सालीं स्मरणाचा दिवस एक दिवस अलीकडे, इय्यारच्या चौथ्या तिथीस, नेमण्यांत आला आणि १९६३ सालीं त्यास कायद्याचें रूप मिळालें. यहुदी दिवस सूर्यास्तास सुरू होतो व सूर्यास्तास संपतो. त्यामुळें हा दिवसही सायंकाळच्या भोंग्यानें उगवतो. दुसऱ्या सायंकाळीं यरुशलेमच्या हर्झल टेकडीवर अर्ध्यावर उतरविलेला ध्वज पुन्हां वर चढतो आणि शोकाच्या पाठीला पाठ लावून स्वातंत्र्याचा उत्सव सुरू होतो.

तिथीवर चालणारा दिवस महाराष्ट्रांतील माणसास समजावून सांगणें कठीण नाहीं. यहुदी महिने चांद्र आहेत आणि वर्ष सौर आहे. दोहोंचा मेळ बसावा म्हणून दर एकोणीस वर्षांत सात वेळां अदार महिना अधिक धरतात. परंतु तिथि नेमली एवढ्यानें काम भागलें नाहीं. शनिवार हा शब्बाथ, पूर्ण विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या दिवशीं शोकसमारंभ नको, आणि त्याच्या तयारीसाठीं कोणास शब्बाथ मोडावयास लागूं नये, असें रब्बींचें म्हणणें पडलें. म्हणून इय्यारची पांचवी तिथि शुक्रवारीं किंवा शनिवारीं आली तर दोन्ही दिवस अलीकडे ओढतात. ती सोमवारीं आली तर स्मरणाचा भोंगा शनिवारीं रात्रीं, शब्बाथ संपतां संपतांच, वाजावयाचा. म्हणून २००४ सालापासून अशा वर्षीं दोन्ही दिवस एक दिवस पुढें ढकलतात. पंचांगाच्या नियमांप्रमाणें ही तिथि सोमवार, बुधवार, शुक्रवार व शनिवार या चारच वारीं येऊं शकते. म्हणजे ती बुधवारीं आली तरच दोन्ही दिवस आपापल्या तिथीस पाळले जातात! लोकसभेनें कायदा करावा आणि त्या कायद्यास धर्मशास्त्रानें वळण द्यावें, असा हा प्रकार आहे. या दिवसाचा स्वभाव त्यांतच दिसून येतो.

आतां यहुदी धर्मांत मृताचें स्मरण कसें करतात तें पाहिलें पाहिजे. शोकास तेथें मोजमाप आहे. तीन दिवस अश्रूंचे, सात दिवस घरीं खालीं बसून सांत्वन घेण्याचे, तीस दिवस केस न कापण्याचे. आईबापांसाठीं मात्र बारा महिने. याहून अधिक शोक करणारा मनुष्य आपण देवाहूनही दयाळू असल्याचा आव आणतो, असें तालमूद ग्रंथांतील आचार्य बजावतात. त्यानंतर दरसाल मृत्यूच्या तिथीस चोवीस तास तेवणारा दिवा लावावा, दानधर्म करावा, स्तोत्रें म्हणावीं आणि मिश्ना या धर्मग्रंथाचा एखादा भाग वाचावा. हिब्रूंत ‘मिश्ना’ आणि ‘नेशामा’, म्हणजे आत्मा, या शब्दांचीं अक्षरें तींच आहेत. म्हणून हें वाचन आत्म्यास पोंचतें, अशी श्रद्धा आहे. मागें राहिलेल्यांच्या सत्कृत्यांनीं गेलेल्याचें कल्याण होतें, हा या सर्व आचारांचा पाया होय.

या आचारांत मुकुटमणि म्हणजे ‘कद्दिश’ नांवाची प्रार्थना. ती अरामी भाषेंत आहे आणि तिच्यांत मृत्यूचा शब्दही नाहीं. आरंभापासून शेवटपर्यंत ईश्वराच्या नामाचा महिमा आहे. ज्याचें सर्वस्व गेलें आहे त्यानें उभें राहून ईश्वराचें नांव मोठें असो असें म्हणावें, हीच तिची कसोटी. दुसरी गोष्ट अशी कीं, ती एकट्यानें म्हणतां येत नाहीं. दहा प्रौढ पुरुष जमल्यावांचून कद्दिश होत नाहीं. शोक करणारा म्हणतो आणि इतर नऊजण ‘आमेन’ म्हणून त्यास साथ देतात. यहुदी धर्मानें दुःखास एकटें सोडलेलें नाहीं, हें येथें ध्यानांत ठेवावें.

एकट्या माणसाच्या शोकाविषयीं शास्त्र असें स्पष्ट आहे. साऱ्या लोकांनीं मिळून करावयाच्या शोकाविषयीं काय? त्याचीही परंपरा जुनी आहे. गिल्बोवा डोंगरावरील लढाईंत शौल राजा व त्याचा पुत्र योनाथान पडले, तेव्हां दाविदानें विलापगीत रचून तें यहूदाच्या लोकांस शिकविण्याची आज्ञा केली. मगिद्दोच्या रणांत योशिया राजास घातक जखम होऊन तो मरण पावला, तेव्हां यिर्मया संदेष्ट्यानें विलाप केला आणि पुढें तसे विलाप गाण्याचा प्रघातच इस्रायलांत पडला, असें बखरींत नमूद आहे. गदल्या नांवाच्या सुभेदाराचा खून झाला, त्याचा उपास आजतागायत पाळतात. या सर्वांचा कळस म्हणजे आब महिन्याची नववी तिथि. यरुशलेमचीं दोन्ही मंदिरें याच तिथीस नष्ट झालीं असें मानतात आणि त्या दिवशीं अन्नपाणी वर्ज्य करून, जमिनीवर बसून विलापगीतें गातात. कोकणांतील बेने इस्रायल लोक, ज्यांस गांवकरी शनवार तेली म्हणत, हा उपास बिरड्याच्या जेवणानें सोडीत. म्हणून त्यांच्या घरांतून या दिवसास ‘बिरड्याचा सण’ असें मराठी नांवच पडलें.

मग अडचण कोठें आली? अडचण अशी कीं, पुढें संकटें इतकीं आलीं कीं प्रत्येकास एक दिवस द्यावयाचा तर वर्ष पुरलें नसतें. १०९६ सालीं पहिल्या क्रूसेडच्या वेळीं ऱ्हाइन नदीकाठच्या स्पेयर, वर्म्स व माइन्स या गांवांतील यहुद्यांची कत्तल झाली. त्या प्रसंगावर जें विलापगीत रचलें गेलें त्यांत कवीनें सांगितलें आहे कीं, शोकाचा नवा दिवस वाढवूं नये. हें रडणेंही आबच्या नवव्या तिथीसच रडावें. अनेक रब्बींनीं पुढें हाच नियम धरला. सर्व दुःखांचें मूळ मंदिराचा नाश व परदेशवास हें एकच आहे, तेव्हां शोकाचा दिवसही एकच असावा, असा त्यांतील विचार आहे.

मात्र याच्या उलटही दाखला आहे. ११७१ सालीं फ्रान्समधील ब्ल्वा गांवीं सुमारें तीस यहुद्यांस खोट्या आरोपावरून जिवंत जाळण्यांत आलें. तेव्हां त्या काळचे अग्रगण्य आचार्य रब्बेनू ताम यांनीं सीवान महिन्याची विसावी तिथि उपासाची ठरविली. १६४८-४९ मध्यें ख्मेल्नित्स्कीच्या बंडांत युक्रेन व पोलंडमधील यहुद्यांचा संहार झाला, तेव्हां पोलंडांतील यहुद्यांच्या ‘चार प्रांतांच्या परिषदे’नें १६५० सालीं तीच तिथि पुन्हां उपासाची केली. म्हणजे पूर्वजांनीं नवा दिवस नेमल्याचाही पुरावा आहे आणि न नेमावा असें सांगितल्याचाही आहे. दोन्ही पक्षांच्या हातीं परंपरेचेंच शस्त्र आहे.

विसाव्या शतकांत हा वाद पुन्हां पेटला तो नाझींनीं केलेल्या संहारानंतर. बने ब्राकचे थोर शास्त्री अव्राहाम यशाया कारेलिट्स, ज्यांस लोक ‘हझोन ईश’ या त्यांच्या ग्रंथाच्या नांवानें ओळखत, यांचें मत असें कीं, पुढील सर्व पिढ्यांस बंधनकारक होईल असा दिवस नेमणें हें मोठ्या अधिकाराचें काम आहे आणि आजच्या पिढीच्या अंगीं तो अधिकार नाहीं; अशा पिढीनें मौन धरावें हेंच बरें. संहाराच्या स्मरणासाठीं सरकारनें नीसान महिन्याची सत्ताविसावी तिथि निवडली, तीवर तर आणखीही आक्षेप आला. कारण नीसान हा मिसर देशांतील दास्यमुक्तीचा महिना आणि त्यांत शोकभाषणें करूं नयेत असा संकेत आहे. सैनिकांच्या दिवसावर हा दुसरा आक्षेप येत नाहीं. तो इय्यारमध्यें येतो, आणि वल्हांडण व सप्ताहांचा सण यांमधील ज्या एकोणपन्नास दिवसांत तो पडतो, त्यांतील बराच काळ पूर्वींपासूनच रब्बी अकीवा यांच्या चोवीस हजार शिष्यांच्या स्मरणार्थ अर्धशोकाचा मानलेला आहे. त्या काळांत लग्नें लावीत नाहींत. हे शिष्य रोगानें गेले असें तालमूद सांगतो. रोमन सत्तेविरुद्धच्या बंडांत ते पडले, असें मानणारेही पुष्कळ आहेत. तेव्हां सैनिकांचा स्मृतिदिन परक्या जागीं येऊन बसला आहे, असें म्हणतां येणार नाहीं.

राहतां राहिला तो भोंगा आणि ती स्तब्धता. ही रीत नवी आहे यांत शंका नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर ११ नोव्हेंबर १९१९ रोजीं बादशहा पंचम जॉर्ज यांच्या इच्छेनुसार ब्रिटिश साम्राज्यांत दोन मिनिटें स्तब्धता पाळण्यांत आली. तेथून ती जगभर पसरली. त्या महायुद्धांत यहुदी तरुण दोन्ही बाजूंनीं लढले होते. एकट्या जर्मनीसाठीं सुमारें १२,००० यहुदी सैनिकांनीं प्राण दिले. लंडनमध्यें आजही माजी यहुदी सैनिक राष्ट्रीय स्मृतिदिनानंतरच्या रविवारीं तेथील युद्धस्मारकापाशीं आपली स्वतंत्र मानवंदना देतात. तेव्हां ही रीत यहुद्यांस अपरिचित नव्हती. प्रश्न एवढाच कीं, आपल्या स्वतःच्या देशांत ती धर्माची रीत म्हणून स्वीकारावी काय?

विरोधी पक्षाचा आधार लेवीय ग्रंथांतील आज्ञेवर आहे. मिसर व कनान येथील लोकांच्या चालीरीतींनीं चालूं नका, असें तेथें सांगितलें आहे. आपल्याजवळ कद्दिश असतां, स्तोत्रें असतां, उसन्या मौनाची गरज काय? मुक्या उभें राहण्यानें मृताच्या आत्म्यास काय पोंचणार? या प्रश्नास उत्तर देणारेही शास्त्रांतूनच उत्तर देतात. सोळाव्या शतकांतील क्राकोचे आचार्य मोशे इसर्लेस यांनीं या आज्ञेची मर्यादा सांगून ठेविली आहे. ज्या चालींत मूर्तिपूजेचा अंश आहे, किंवा जिला कांहीं कारणच नाहीं, ती वर्ज्य. परंतु उपयोगासाठीं अथवा मानासाठीं पडलेली चाल घेण्यास हरकत नाहीं. उदाहरण म्हणून ते वैद्याच्या विशेष पोशाखाचें देतात. वैद्य ओळखतां यावा म्हणून तो पोशाख. तो यहुदी वैद्यानें घातला तर दोष कसला? त्याच न्यायानें मृतांच्या मानासाठीं उभें राहण्यास दोष नाहीं, असें हा पक्ष म्हणतो.

शिवाय मौन यहुद्यांस अगदींच परकें आहे असेंही नाहीं. अहरोनाचे दोन पुत्र एका क्षणांत गेले, तेव्हां तो निःशब्द राहिला, असें शास्त्र सांगतें. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याजपाशीं जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहींत; त्यावरूनच शोक करणारानें तोंड उघडल्यावांचून सांत्वनास आलेल्यानें बोलूं नये, असा नियम झाला. आणि या साऱ्याहून वजनदार असा एक उपदेश आहे. आपल्या लोकांपासून वेगळें पडूं नये, असें हिल्लेल या प्राचीन आचार्यांनीं सांगितलें. अमालेक्यांशीं युद्ध चाललें असतां मोशे टेकडीवर दगडावर बसला होता. त्यास गादी किंवा उशी मिळाली नसती काय? तालमूदांतील आचार्य म्हणतात कीं, लोक संकटांत असतां आपणही त्यांच्याबरोबर कष्टांत असावें म्हणून त्यानें दगड पसंत केला. म्हणून कित्येक रब्बी असा मध्यममार्ग सांगतात कीं, भोंगा वाजला कीं इतरांबरोबर उभें रहावें आणि त्या दोन मिनिटांत मनांतल्या मनांत स्तोत्र म्हणावें. रीत लोकांची, आशय धर्माचा. पाहणारास मौन दिसतें. म्हणणारास प्रार्थना घडते.

परंतु प्रार्थनेचे शब्द उघड म्हणावयाचे असले कीं हा मध्यममार्ग पुरत नाहीं. मध्य व पूर्व युरोपांतील यहुदी परंपरेंत वर्षांतून चार सणांस मृतांसाठीं ‘यिज्कोर’ नांवाची प्रार्थना म्हणतात. तिचा आरंभ, ईश्वरानें अमक्याच्या आत्म्याचें स्मरण करावें, अशा अर्थाचा आहे. १ मार्च १९२० रोजीं गालील प्रांतांतील तेल हाय या वसाहतीच्या रक्षणार्थ योसेफ त्रुम्पेल्दोर व त्याचे सोबती पडले. तेव्हां कामगारपक्षाचे विचारवंत बेर्ल कात्स्नेल्सन यांनीं त्यांच्यासाठीं नवें यिज्कोर लिहिलें आणि त्यांत ‘ईश्वरानें’ या शब्दाच्या जागीं ‘इस्रायलच्या लोकांनीं’ स्मरण करावें असा बदल केला. एका शब्दाचा फरक, पण केवढा! पुढें सैन्याच्या समारंभांतून हाच नवा पाठ चालला. सैन्याचे पहिले मुख्य रब्बी श्लोमो गोरेन यांनीं ईश्वराच्या नांवाचा जुना पाठ पुन्हां आणला, आणि कित्येक वर्षें दोन्ही पाठ ऐकूं येत. २०११ सालीं हा वाद पुन्हां मोठ्यानें उठला. जिची श्रद्धा नाहीं अशी आई म्हणे, माझ्या मुलाचें स्मरण लोकांनीं ठेवावें. श्रद्धाळू पिता म्हणे, लोक विसरतील, ईश्वर विसरणार नाहीं. अखेर सैन्याच्या पाठांत ‘इस्रायलच्या लोकांनीं’ हेच शब्द कायम झाले. प्रार्थनामंदिरांतून मात्र ईश्वराचेंच नांव घेतलें जातें.

याहूनही नाजूक प्रश्न एक आहे. पडलेल्या सैनिकांत कित्येकजण शब्बाथ न पाळणारे, खाण्यापिण्याचे निर्बंध न मानणारे होते. अशांस ‘पवित्र’ म्हणावें काय? या प्रश्नाचा एक फार जुना पडसाद मक्काब्यांच्या दुसऱ्या ग्रंथांत सांपडतो. हा ग्रंथ यहुद्यांच्या शास्त्रसंग्रहांत नाहीं. तरी इतिहासाच्या दृष्टीनें तो मोलाचा आहे. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत यहूदा मक्काबी आपल्या पडलेल्या शिपायांस पुरावयास गेला, तेव्हां त्यांच्या अंगरख्यांखालीं परक्या देवतांचे ताईत निघाले. धर्मासाठीं लढणाऱ्यांच्या अंगावर धर्मविरुद्ध वस्तु! यहूदानें त्यांस टाकून दिलें नाहीं. त्यानें सैन्यांत वर्गणी करून चांदीचे दोन हजार द्राख्मे जमविले आणि त्यांच्या पापनिष्कृतीसाठीं यरुशलेमास पाठविले. दुसरा आधार तालमूदाचा आहे. लोद गांवच्या लोकांवर आलेला घाला चुकविण्यासाठीं दोघा भावांनीं न केलेला गुन्हा आपल्या अंगावर घेऊन मरण पत्करलें. परलोकीं त्यांच्या जागेच्या जवळही कोणास उभें राहतां येत नाहीं, असें आचार्य सांगतात. दुसऱ्यांच्या प्राणांसाठीं आपला प्राण देणें ही एकच गोष्ट माणसास त्या जागीं नेते. त्याच्या इतर आचारांचा हिशेब तेथें मांडीत नाहींत.

हा निर्णय केवळ राष्ट्रवादी रब्बींचा नाहीं. यरुशलेमचे श्लोमो झल्मन ऑयरबाख हे कर्मठ पंथाचे सर्वमान्य शास्त्री १९९५ सालीं वारले. त्यांच्याविषयीं अशी आठवण सांगतात कीं, पुण्यपुरुषांच्या कबरींचें दर्शन घेण्यासाठीं गालील प्रांतास जाण्याची रजा एका शिष्यानें मागितली, तेव्हां ते म्हणाले कीं, त्यासाठीं इतक्या दूर कशास जावें? हर्झल टेकडीवरील सैनिकांच्या कबरस्तानांत जावें.

त्या कबरस्तानांत सर्व कबरी एकसारख्या आहेत. ज्यांस कबरही लाभली नाहीं अशांचें स्मरण अदार महिन्याच्या सातव्या तिथीस करतात, कारण ती मोशेची पुण्यतिथि मानतात आणि मोशेची कबर कोठें आहे तें कोणासही ठाऊक नाहीं. कित्येक पित्यांस कबर असूनही तिच्यापाशीं जातां येत नाहीं. अहरोनाच्या वंशांतील पुरोहितांस, ज्यांस ‘कोहेन’ म्हणतात, मृताचा विटाळ वर्ज्य आहे. पुत्राच्या अंत्यविधीपुरती त्यांस मोकळीक असते. त्यानंतर कबरीच्या चार हातांच्या आंत त्यांनीं जावयाचें नाहीं. स्मृतिदिनीं असा पिता दूर उभा राहून आपल्या मुलासाठीं कद्दिश म्हणतो. धर्माचें बंधन आणि पित्याचें हृदय यांचें भांडण त्यानें आपल्यापुरतें असें मिटविलेलें असतें.

राष्ट्राचें भांडण मात्र मिटलेलें नाहीं, आणि त्याचें खरें कारण भोंग्यांत नाहीं. १९४८ सालीं पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांनीं सुमारें ४०० धर्मविद्यार्थ्यांस अध्ययनासाठीं सैन्यसेवेंतून सूट दिली. नाझींच्या संहारांत विद्यापीठेंच्या विद्यापीठें नष्ट झालीं होतीं. विद्येचा दिवा विझूं नये हा त्यांतील हेतु. पुढें ही संख्या हजारोंवर गेली. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर जें युद्ध झालें त्यांत अनेक घरांतील तरुण पुन्हां कामास आले. आणि जून २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, या विद्यार्थ्यांस सरसकट सूट देण्यास कायद्याचा आधार उरलेला नाहीं, असा निकाल दिला. १८६० सालापासून धरलेल्या सरकारी यादींत आज २५,००० हून अधिक नांवें आहेत. त्यांत बेने इस्रायलांसारख्या दूरदेशाहून आलेल्या लोकांचाही वांटा आहे. १९४८ नंतर कोकण व मुंबई सोडून दिमोना, अश्दोद, लोद इत्यादि ठिकाणीं वसलेल्या त्यांच्या घरांतील मुलेंही त्याच सैन्यांत जातात. ज्या आईनें मुलगा दिला, ती रस्त्यावर न थांबणाऱ्या माणसास शास्त्रार्थ विचारीत नाहीं. तुझा मुलगा कोठें होता, एवढेंच विचारते. या प्रश्नास लेवीय ग्रंथांत उत्तर नाहीं.

तरीसुद्धां दोन्ही कांठ जोडणारीं माणसें झालीं आहेत. विल्नाचे रब्बी यिस्रायल झेव गुस्तमन हे संहारांतून वांचले, परंतु त्यांचा लहानगा पुत्र मेयर त्यांच्या डोळ्यांदेखत मारला गेला. पुढें ते यरुशलेमांत धर्मविद्यापीठ चालवीत. तेथें येणाऱ्यांत रॉबर्ट औमन हे गणिती होते. त्यांस पुढें २००५ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. १९८२ सालच्या लेबनॉन युद्धांत औमन यांचा पुत्र पडला. सात दिवसांच्या शोकांत वृद्ध गुस्तमन त्यांच्या घरीं गेले आणि तेथें त्यांनीं, लोकांस तोंवर फारसें न सांगितलेलें, आपल्या मेयरचें मरण प्रथमच सांगितलें. त्यांच्या बोलण्याचा आशय असा सांगतात: आपला मेयर यहुदी म्हणून मारला गेला, परंतु त्याच्या हातून कोणाचें रक्षण घडूं शकलें नाहीं; तुमच्या मुलानें दुसऱ्यांच्या पुढें उभें राहून प्राण दिला; परलोकीं मेयर त्याच्या स्वागतास येईल आणि त्याच्यापुढें नम्र होईल. कर्मठ पंथाच्या एका आचार्यानें सैनिकाच्या पित्यास याहून मोठें सांत्वन काय द्यावयाचें?

सकाळचा भोंगा दोन मिनिटांत थांबतो आणि मोटारी पुन्हां चालूं लागतात. ज्या घरीं चोवीस तासांचा दिवा तेवत असतो, तेथें मात्र सायंकाळीं कद्दिशसाठीं दहा माणसें जमवावीं लागतात. नऊ जमलीं आणि दहावें कमी पडलें तर कोणी दारांत उभें राहून वाटेनें जाणारास हांक मारतो. तो काळ्या झग्याचा असो कीं सैनिकाच्या पोशाखांतला असो, सकाळीं तो थांबला होता कीं चालत राहिला होता, हें कोणी विचारीत नाहीं. त्यानें आंत यावें, उभें रहावें आणि ‘आमेन’ म्हणावें, एवढ्यानें दहा पुरे होतात.